निशाणी नांगराची, हाती तलवार

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी नावाचे स्थानक लागते. गावाभोवती काळी, कसदार जमीन आहे. ज्वारी आणि कापूस ही या भागाची जुनी पिके. या शांत शिवाराकडे पाहिले असता येथे कधी घोड्यांच्या टापा वाजल्या असतील, असे सहसा मनात येत नाही. तथापि या बाजूच्या कोणत्याही शाळेचा हजेरीपट उघडावा. देशमुख, पाटील, देशपांडे, कुलकर्णी ही नावे त्यात हटकून भेटतात. ही मुळात आडनावे नव्हतीच. हे हुद्दे होते. प्रत्येक हुद्द्याबरोबर काही जमीन, काही हक्क, काही मान आणि काही जबाबदारी बापाकडून मुलाकडे येत असे. या साऱ्यास मिळून ‘वतन’ म्हणत. मराठवाड्यात गावोगावी पांढऱ्या मातीच्या ज्या गढ्या आज ढासळत उभ्या आहेत, त्या याच वतनदारांच्या.

वतन हा शब्द अरबी आहे. त्याचा मूळ अर्थ राहण्याचे ठिकाण, जन्मभूमी. मराठी मुलखात येऊन तो जमिनीला अधिकच घट्ट चिकटला. परगण्याचे वतन देशमुख आणि देशपांडे यांचे. गावचे वतन पाटील आणि कुलकर्णी यांचे. देशमुखाने परगण्याचा वसूल जमा करून द्यावा, पडीक जमिनीवर कुळे आणून वसवावी, चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त ठेवावा, आणि राजाने बोलाविले म्हणजे आपले स्वार व प्यादे घेऊन त्याच्या चाकरीस जावे. देशपांड्याने त्या सर्वांचा हिशेब लिहावा. पाटील व कुलकर्णी हेच काम गावापुरते करीत. त्याबद्दल त्यांस इनाम जमीन मिळे, वसुलात ठराविक वाटा मिळे आणि मानपान मिळे.

मानपान ही आज क्षुल्लक वाटणारी गोष्ट त्या काळी मोठी होती. पोळ्याच्या दिवशी पाटलाचे बैल सर्वांच्या पुढे चालावयाचे. होळीस पहिली पोळी पाटलाची पडावयाची. या पहिलेपणासाठी भाऊ भावाशी भांडे, आणि एकेक तंटा पिढ्यान् पिढ्या चाले. तंटा फारच चिघळला म्हणजे गोतसभा बसे. तीत गावोगावचे पाटील, बलुतेदार व जाणती माणसे जमत, साक्षी होत आणि निकालाचा ‘महजर’ नावाचा कागद लिहिला जाई. साक्षींनीही निकाल होईना तर ‘रवा’ काढण्याचे दिव्य करीत. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, आणि ज्याचा हात भाजला नाही त्याचे वतन खरे मानावयाचे. न्याय करण्याची ही रीत क्रूर होती, यात शंका नाही. पण माणसे उकळत्या तेलात हात घालावयास तयार होत, यावरून वतन त्यांस किती प्रिय होते हे कळते.

या महजरांवर सह्यांच्या ठिकाणी जी चित्रे काढलेली आढळतात, ती पाहण्यासारखी असतात. त्यांस निशाणी म्हणत. कुलकर्ण्याची निशाणी लेखणी, न्हाव्याची आरसा, आणि पाटलाची निशाणी नांगर. पाटलाच्या घरात तलवार टांगलेली असे, दाराशी घोडा बांधलेला असे. पण कागदावर खूण करावयाची वेळ आली की तो तलवार काढीत नसे, नांगर काढी. मराठी लढवय्याचा स्वभाव या एका चित्रात उमटला आहे.

मराठी फौजेतील स्वार दोन प्रकारचे असत. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. त्यावरून शिलेदार हा शब्द आला. शिलेदार हा घरचे घोडे आणि घरची हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगीर मात्र रिकाम्या हाताने येई. त्यास घोडा आणि शस्त्र सरकारातून मिळे. वरवर पाहता हा फरक लहान आहे, पण त्याचे परिणाम फार दूरवर पोचत. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची सारी पुंजी गेली. उद्या कोणी त्यास स्वार म्हणून ठेवीत नसे. तेव्हा ऐन लढाईत तो शत्रूबरोबरच आपल्या घोड्याचीही चिंता वाहणार, हे उघड आहे. शिवाय घोडा त्याचा, तलवार त्याची आणि पोट भरावयास घरची जमीन. मग राजा आवडेनासा झाला तर दुसऱ्याच्या चाकरीस जाण्यापासून त्यास कोण अडविणार? बारगिराचे तसे नव्हते. त्याने चाकरी सोडली तर घोडा पागेतच राही.

हे लढवय्ये वर्षभर लढत नसत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मृगाचा पाऊस पडला की नद्या भरत, वाटा चिखलाने बंद होत, आणि शिवारात पेरणीची घाई सुरू होई. तेव्हा फौजा छावणीस परतत, आणि ज्यांची घरची शेती होती त्यांचे मन तिकडे धावे. दसऱ्यास पिके हाती येऊ लागत, नद्यांस उतार पडे; मग शमीची पूजा करून, आपट्याचे सोने लुटून, गावाची सीमा ओलांडून फौजा बाहेर पडत. सीमोल्लंघन हा आजचा सण पूर्वी मोहिमेच्या आरंभाचा दिवस होता. लढाईचे पंचांग हे शेतीच्या पंचांगावरून ठरे.

अशा लढवय्यापुढे एक अवघड प्रश्न वारंवार उभा राही. राजाची आज्ञा एकीकडे आणि वतन दुसरीकडे, अशी वेळ आली तर काय करावयाचे? इ. स. १६५९ मध्ये ती वेळ आली. विजापूरचा सरदार अफजलखान शिवाजी महाराजांवर चालून निघाला. विजापूरच्या दरबाराने मावळातील देशमुखांस फर्माने पाठविली, की खानास येऊन मिळा. न मिळाल तर परिणाम भोगा. रोहिड खोऱ्याचे देशमुख, कारी गावचे कान्होजी जेधे यांसही असे फर्मान आले. जेध्यांचे वतन विजापूरच्या राज्यातले. खानास न मिळावे तर ते वतन जाणार, आणि वतनाबरोबर पिढ्यांची अब्रूही जाणार. कान्होजी आपल्या पाच मुलांस घेऊन महाराजांकडे गेले आणि त्यांनी ते फर्मान महाराजांपुढे ठेवले. महाराजांनी त्यांस सांगितले, की इतर देशमुख खानाकडे गेले आहेत. तुम्हीही जा, न गेलात तर वतनास मुकाल. तेव्हा कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. दान देताना जसे पाणी सोडतात, तसे. वतन नाही असे समजून ते लढाईस उभे राहिले.

त्याच वेळी उत्रवळीचा देशमुख खंडोजी खोपडे खानास जाऊन मिळाला. त्याच्या घरात वतनाचा तंटा चालू होता, आणि खानाच्या आश्रयाने ते वतन आपल्याकडे येईल असा त्याचा हिशेब होता. खान मारला गेल्यावर खोपडे रानोमाळ लपत फिरला. अखेर जेध्यांनी रदबदली केली म्हणून त्याचे प्राण वाचले. तरी एक हात आणि एक पाय त्यास गमवावा लागला. जेधे आणि खोपडे हे दोघेही एकाच मावळातील, एकाच रीतीने वाढलेले. एकाने वतन सोडले, दुसऱ्याने वतनासाठी राजा सोडला. पण खोपडे हा काही जगावेगळा दुष्ट मनुष्य होता, असे समजण्याचे कारण नाही. त्या काळातील पुष्कळ देशमुखांनी त्याच्यासारखाच हिशेब केला होता. राज्ये येत आणि जात, वतन मात्र टिके. म्हणून वतन देईल तो धनी, अशीच सर्वसाधारण रीत होती. अपवाद जेध्यांचा होता.

अपवादावर राज्य उभे राहत नाही, हे शिवाजी महाराजांनी ओळखले होते. वतने अजिबात मोडून टाकणे त्यांस शक्य नव्हते. परंतु वतनदाराचे बळ कमी करणे शक्य होते. कृष्णाजी अनंत सभासद याने इ. स. १६९७ च्या सुमारास जिंजी येथे महाराजांचे चरित्र लिहिले. त्यात या कामाची माहिती येते. देशमुखांनी हुडे-कोट असलेले वाडे बांधून प्यादे व बंदुका बाळगल्या होत्या. ते कोट महाराजांनी पाडविले. वसुलासाठी सरकारी कारकून नेमले आणि वतनदाराचे हक्क ठरवून दिले. सरदारांस गावे तोडून देण्याऐवजी रोख वेतन दिले. फौजेत शिलेदारांपेक्षा पागेवर, म्हणजे सरकारी घोड्यांवरील बारगिरांवर, अधिक भर दिला. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी, अशी चढती रचना होती. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. हजारीच्या हाताखाली हिशेबाने साडेबाराशे स्वार होतात. पण नाव हजारीच राहिले. नावे हिशेबाला नेहमीच जुळतात असे नाही.

फौजेला पगार राजा देई, पण तो पैसा येई कोठून? सभासद सांगतो, की पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेस आणि दोन सरकारास घेत. म्हणजे स्वाराच्या घोड्याचा दाणा अखेरीस शेतकऱ्याच्या खळ्यावरूनच येई. म्हणूनच फौजेने रयतेस उपद्रव देऊ नये, याविषयी महाराज फार कडक असत. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणी पडली होती. तेथील जुमलेदार व हवालदारांस त्यांनी एक पत्र लिहिले. पावसाळ्यासाठी साठविलेले गवत व दाणे जपून वापरा. ते संपले आणि तुम्ही कुणब्यांच्या घरून धान्य, भाजी, लाकूड उचलू लागलात तर लोकांस तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असा त्याचा आशय आहे. त्यात एक बारीक सूचना आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल. राज्य चालविणाऱ्या माणसाचे लक्ष उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत पोचत होते.

लढवय्या आणि जमीन यांची ही गाठ केवळ महाराष्ट्रातच पडली होती असे नाही. दूर पूर्वेस जपानच्या बेटांवरही लढवय्यांचा एक मोठा वर्ग होता. त्यास सामुराई म्हणत. सामुराई या शब्दाचा मूळ अर्थ ‘सेवा करणारा’ असा आहे. इ. स. ११९२ मध्ये योरितोमो नावाच्या सरदारास सम्राटाने शोगुन, म्हणजे सेनापती, ही पदवी दिली. तेव्हापासून सुमारे सातशे वर्षे बहुतेक काळ सम्राट नावापुरता राहिला आणि खरी सत्ता तलवारवाल्यांच्या हाती गेली. शोगुनाच्या खाली दाइम्यो नावाचे मोठे जमीनदार सरदार आणि त्यांच्या पदरी सामुराई, अशी तेथील उतरंड होती. आरंभी हे सामुराईही मावळच्या देशमुखांप्रमाणे आपापल्या गावी राहत, जमीन कसवीत आणि धन्याने बोलाविले की शस्त्र घेऊन जात. शेतकऱ्यांच्या घरीही तलवारी व भाले असत. परिणामही तोच झाला. सोळाव्या शतकात प्रत्येक सरदार स्वतंत्र होऊ पाहत होता, आणि शंभराहून अधिक वर्षे तो देश आपसांतील लढायांनी होरपळत राहिला.

त्यावर जपानी राज्यकर्त्यांनी योजलेला उपाय मात्र निराळा होता. हिदेयोशी हा स्वतः सामान्य घरातून वर चढलेला सेनापती. त्याने इ. स. १५८८ मध्ये आज्ञा काढली, की शेतकऱ्यांनी आपली सर्व शस्त्रे सरकारात जमा करावी. या लोखंडाचे खिळे बुद्धाच्या मोठ्या मूर्तीच्या कामी लावले जातील आणि देणाऱ्यास पुण्य लागेल, असेही त्याने जाहीर केले. पुण्य किती लागले ते सांगता येत नाही. पण बंडे करावयास शेतकऱ्यांजवळ हत्यार उरले नाही. पुढे सामुराईंसही गावे सोडून धन्याच्या किल्ल्याभोवतीच्या नगरांत राहावे लागले. नांगर ज्याच्या हाती त्याने तलवार धरावयाची नाही, आणि तलवार ज्याच्या कमरेस त्याने नांगर धरावयाचा नाही, अशी वाटणी झाली. कमरेस एक लांब व एक आखूड अशा दोन तलवारी लावण्याचा मान फक्त सामुराईचा. पाटलाची निशाणी नांगर, सामुराईची निशाणी तलवारींची जोडी.

जमीन सुटल्यावर सामुराईचे पोट कशावर चालावयाचे? तांदळावर. जपानात सरदाराची संपत्ती नाण्यांत मोजीत नसत, तर ‘कोकू’ या मापाने मोजीत. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ. एका माणसास वर्षभर पुरेल एवढे हे धान्य, असा ढोबळ हिशेब होता. ज्याच्या मुलखात निदान दहा हजार कोकू पिकत, तो दाइम्यो. सामुराईस धन्याच्या कोठारातून ठराविक कोकू तांदूळ वेतन म्हणून मिळे. हा तांदूळ शेतकऱ्याकडून येई. दहा वाट्यांपैकी चार सरदारास आणि सहा शेतकऱ्यास, ही तेथील एक प्रसिद्ध वाटणी होती. पुढे पुष्कळ ठिकाणी ती निम्म्यावर आली. पाचांत दोन आणि दहांत चार हे प्रमाण एकच होय. दोन दूरच्या देशांत, एकमेकांची वार्ताही नसताना, शेतकऱ्याच्या राशीचे वाटे सारखेच पडले होते.

इ. स. १६०३ मध्ये तोकुगावा घराण्याकडे शोगुनपद आले आणि त्यानंतर जपानात अडीचशेहून अधिक वर्षे शांतता नांदली. दाइम्योंनी बंड करू नये म्हणून १६३५ मध्ये नियम झाला, की प्रत्येक दाइम्योने ठराविक काळ एदो या राजधानीत, म्हणजे आजच्या तोकियोत, राहावे आणि ठराविक काळ आपल्या मुलखात राहावे. बायकामुले मात्र कायम एदोतच ठेवावी. मुलाबाळांवर राजाचा हात असताना बंडाचा विचार कोण करणार?

शांततेच्या या काळात सामुराईस लढाई उरली नाही. तो कारकून झाला, हिशेबनीस झाला, शिक्षक झाला. कित्येक गरीब सामुराई छत्र्या बनवून चोरून पोट भरीत. ज्यांचा धनी नाहीसा झाला, ते रोनिन म्हणून वणवण फिरत. मौज अशी, की सामुराईच्या धर्माविषयी, मरण कसे पत्करावे आणि धन्याशी एकनिष्ठ कसे राहावे याविषयी पुष्कळसे लिखाण याच निवांत काळात झाले. ‘हागाकुरे’ या प्रसिद्ध ग्रंथात ज्याची वचने आहेत, त्या यामामोतो त्सुनेतोमो याने आयुष्यात एकही रणांगण पाहिले नव्हते. लढण्याचे दिवस सरले म्हणजे शौर्याच्या गोष्टींना अधिक रंग चढतो. महाराष्ट्रातही काही बखरी अशाच पुढील पिढ्यांनी लिहिल्या, हे त्या वाचताना विसरू नये.

इकडे महाराष्ट्रात शिवाजी महाराजांनी घातलेली घडी फार दिवस टिकली नाही. इ. स. १६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, आणि राजाराम महाराजांस दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. खजिना रिकामा, रोख पगार द्यावयाचा कशातून? उलट औरंगजेब मराठी सरदारांस वतने व मनसबी देऊ करीत होता. तेव्हा राजाराम महाराजांसही वतने आणि सरंजाम देण्याचा मार्ग धरावा लागला. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला मुलूख. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांस सहा लक्ष होनांचा सरंजाम कबूल केलेला कागद प्रसिद्ध आहे. त्यातील मोठा वाटा दिल्ली जिंकल्यावर मिळावयाचा होता. कबूल करणारा राजा स्वतः मोगलांच्या वेढ्यात होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कागदाचे मोल कळते. कोणी त्यास हताशपणा म्हणेल, कोणी जिद्द म्हणेल. मात्र सरदार त्या आशेवर लढले, आणि औरंगजेब दक्षिणेतून परत गेला नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला, ही गोष्ट खरी आहे.

राज्य वाचले, पण किंमत मोजावी लागली. सरंजाम हा चाकरीपुरता दिलेला असे. चाकरी संपली की तो परत घ्यावयाचा, असा नियम. प्रत्यक्षात बापाचा सरंजाम मुलाकडे चालू लागला आणि पाहता पाहता तो वतनासारखा झाला. रामचंद्रपंत अमात्य यांनी ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात वतनदारांविषयी जे लिहिले आहे, त्यात हा अनुभव बोलतो. वतनदार हे आपापल्या जागी लहानसे राजेच असतात. त्यांस फार दुखवू नये आणि फार वाढूही देऊ नये, असा त्यांचा सल्ला आहे. सल्ला योग्य होता. तो पाळणे कठीण होते. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले ही सरदारांची घराणी अठराव्या शतकात राज्यकर्ती घराणी झाली. तरीही नांगराची निशाणी मनातून पुसली गेली नाही. महादजी शिंदे यांनी दिल्लीच्या बादशहाचा कारभार आपल्या हाती घेतला, उत्तर हिंदुस्थानात त्यांचा शब्द चाले. परंतु त्यांना प्रिय असलेले बिरुद ‘पाटील’ हेच होते. शिंदे हे सातारा भागातील कण्हेरखेडचे पाटील. लोकही महादजींस पाटीलबाबा म्हणत.

पिंगळीच्या आसपासच्या मुलखाचे या काळात काय झाले? हा प्रदेश मोगलांच्या वेळी वऱ्हाड सुभ्यातील पाथरी सरकारात मोडत असे. १७२४ नंतर तो निजामाच्या ताब्यात गेला. मात्र मराठ्यांस येथे चौथाई व सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क होता. तेव्हा एकाच शिवाराचा वसूल निजामाचा जहागीरदार एकीकडून नेई आणि मराठ्यांचा कमाविसदार दुसरीकडून नेई. या वसुलासाठी दोन्ही सत्तांच्या लढाया होत. गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे १७६३ मध्ये पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा मोठा पराभव केला. लढाई कोणीही जिंको, शेतकऱ्यास दोन धनी होते.

निजामाच्या राज्यातही लढवय्यांस जमिनीवर पोसण्याची रीत चालू राहिली. काही मोठ्या उमरावांकडे ‘पायगा’ नावाच्या जहागिरी होत्या. निजामासाठी घोडेस्वार बाळगावे, म्हणून त्या दिलेल्या. पायगा आणि मराठीतील पागा हे मूळचे एकाच घराण्यातील शब्द. पुढे घोडे गेले, स्वार गेले, लढायाही संपल्या. जहागिरी मात्र राहिल्या. १८६५ च्या सुमारास दिवाण सर सालारजंग यांनी जिल्हे पाडून सरकारी अधिकारी नेमले, तेव्हा देशमुख-देशपांड्यांचे वसुलाचे काम संपले. पण काम गेले तरी ‘रुसूम’ या नावाने त्यांस पैसा मिळत राहिला. गावात पाटलाचे काम माली पटेल व पोलीस पटेल यांत वाटले गेले, आणि हिशेब पटवाऱ्याकडे राहिला.

येथवर घोड्यावर बसणाऱ्यांची हकीकत झाली. वतन केवळ त्यांचेच होते असे नाही. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार या बलुतेदारांची कामेही वतनी असत. खळ्यावर रास पडली की त्यांस त्यातून ठरलेला वाटा मिळे. पाटलाचे वतन आणि महाराचे वतन या दोहोंस शब्द एकच, पण अर्थात जमीन-अस्मानाचे अंतर. पाटलास वतनाने मान मिळे. महारास थोडी जमीन आणि धान्याचा वाटा मिळे, आणि त्याबदली रात्रंदिवस गावची व सरकारची चाकरी करावी लागे. सीमा दाखवावी, सांगावा पोचवावा, सरकारी वसूल वाहून न्यावा. पाऊस असो वा आजारपण, हाक आली की निघावे. वर अस्पृश्यतेचे जू होतेच. खळ्यावरील वाटा हा हक्काचा, पण तो हात पसरून घ्यावा लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ही गुलामगिरी ओळखली. १९२८ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात बदल करण्याचे विधेयक मांडले. आपल्या लोकांनी त्या तुकड्यावरील लोभ सोडावा, हे त्यांनी सभांतून परोपरीने सांगितले. कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडले ते एका मोठ्या कार्यासाठी. महार वतन हे मात्र असे वतन होते, की त्यातून सुटणे हेच एक मोठे कार्य होते.

जपानातही सामुराई, शेतकरी, कारागीर व व्यापारी या चार वर्गांच्या खाली बहिष्कृत लोकांचा एक वर्ग होता. मेलेल्या जनावरांचे कातडे काढणे, अपराध्यांस फाशी देणे अशी कामे त्यांच्याकडे असत. त्यांची वस्ती वेगळी असे. तलवारीच्या वैभवाची वर्णने वाचताना या वस्तीचे वर्णन सहसा वाचावयास मिळत नाही.

जपानात ही व्यवस्था फार थोड्या वर्षांत मोडली. १८६८ मध्ये शोगुनाची सत्ता संपून सम्राट मैजी याच्या नावाने नवे सरकार आले. १८७१ मध्ये दाइम्योंची संस्थाने रद्द होऊन जिल्हे झाले. त्याच वर्षी बहिष्कृतांचा वेगळा दर्जा कायद्याने संपला, जरी लोकांच्या मनातून तो तितक्या लवकर गेला नाही. १८७३ मध्ये सर्व वर्गांतील तरुणांस सैन्यात घेण्याचा कायदा झाला, आणि तलवार हे एका वर्गाचे वतन राहिले नाही. १८७६ मध्ये सामुराईंचे तांदळाचे वेतन बंद करून त्याऐवजी कर्जरोखे दिले गेले, आणि सैनिक व पोलीस सोडून इतरांस रस्त्यात तलवार लावून फिरण्यास मनाई झाली. पुढल्याच वर्षी दक्षिणेकडील सात्सुमा प्रांतात सायगो ताकामोरी याच्या नेतृत्वाखाली सामुराईंनी बंड केले. शेतकऱ्यांच्या मुलांतून भरती केलेल्या नव्या सैन्याने त्या बंडाचा पराभव केला. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी ज्यांच्या घरातील शस्त्रे काढून घेतली होती, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या हाती सरकारने बंदूक दिली होती.

मराठवाड्यात तो दिवस यावयास आणखी बराच काळ जावा लागला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या फौजेने भारतीय सैन्यापुढे शस्त्रे ठेवली. त्यानंतर वर्षाच्या आतच, ऑगस्ट १९४९ मध्ये, हैदराबाद राज्यातील जहागिरी कायद्याने रद्द झाल्या. १९५६ मध्ये परभणी जिल्हा मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. जुन्या मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि महार वतनासारखी कनिष्ठ मानलेली वतने १९५८ च्या कायद्याने नाहीशी झाली. १९६२ मध्ये महसुली पाटलाचे वंशपरंपरेचे पद रद्द करणारा कायदा झाला. गावचा हिशेब आता तलाठी लिहितो, आणि त्याची बदली होते. पोलीस पाटील अद्याप आहे, पण तो अर्ज करून नेमला जातो. स्त्रियाही त्या जागेवर नेमल्या जातात. पाटील हे नाव आडनाव म्हणून हजेरीपटात राहिले आहे. त्या नावाच्या मुलास परीक्षेत मात्र इतरांइतकेच गुण मिळवावे लागतात.